आबांनी वहीत लिहून घेतलेलं वाक्य

हे मी आजवर कुणाजवळच बोललेलो नाही. गौरीलाही नाही, आणि ती माझी बायको आहे, माझ्या पगारापासून पित्तापर्यंत सगळं तिला ठाऊक असतं. आईला तर नाहीच. एकाच व्यक्तीला मला हे सांगावं लागलं नाही, कारण ती तेव्हा तिथेच उभी होती. दहा वर्षांची होती. तिच्याबद्दल पुढे सांगतो — की आधीच सांगू? बघा, सुरुवातच अशी होते. चार वर्षं मी या गोष्टीभोवती अशाच चकरा मारतोय.

तशी साधी गोष्ट आहे. आई-आबा तीन महिने आमच्याकडे जर्मनीला आले होते. आम्ही वाल्डॉर्फजवळ राहतो. मी सॉफ्टवेअरवाला, इथे निम्मं गाव सॉफ्टवेअरवाल्यांचंच आहे. जूनमधल्या एका शनिवारी आम्ही पाचजण गाडीत बसून फ्रान्सला गेलो आणि अंधार पडायच्या आत परत आलो. इथून दीड-दोन तासांत अल्सास लागतं. नदी ओलांडली की डोंगराच्या उतारावर द्राक्षंच द्राक्षं, मध्ये मध्ये खिडक्यांत फुलं लावलेली गावं. त्या दिवसाचे ढीगभर फोटो आमच्याकडे आहेत. सगळ्यांत सगळे हसतायत. मीसुद्धा.

आबा म्हणजे माझे वडील. तासगाव तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. बेदाणा करायचे. आयुष्यभर द्राक्षं पिकवली, पण वाइनचा थेंब कधी जिभेला लावला नाही, आणि हे ते विमानातल्या हवाईसुंदरीलाही मराठीत सांगून आले होते. डोक्यावर पांढरी टोपी, पायात गौरीनं इथे घेऊन दिलेले निळे स्पोर्ट्‌स शूज. त्या बुटांवर ते भलतेच खूश होते. रोज सकाळी कॉलनीत फेरी मारून यायचे आणि कुणाच्या अंगणात कुठल्या झाडाला पाणी कमी पडतंय याचा अहवाल चहाबरोबर आम्हाला मिळायचा.

आता बागेचं सांगायला हवं. आमच्या बाकीच्या बागा काळाप्रमाणे निघाल्या, नव्या लागल्या, पुढे आबांचं वय झाल्यावर चुलतभावाच्या हाती गेल्या. एकच राहिली होती — विहिरीकडची. एक एकर. आबांनी आणि आईनं लग्नानंतर दोन वर्षांनी स्वतःच्या हातानं लावलेली. खड्डे आबांनी काढले, रोपं आईनं धरली. अडतीस वर्षांची बाग! आमच्याकडे पंधरा-अठरा वर्षांत बाग काढतात. मग ती पहिल्यासारखी देत नाही. आसपासच्या सगळ्यांनी कधीच काढल्या होत्या. आबांची ती बाग म्हणजे गावात चेष्टेचा विषय होता. तिची छाटणी मात्र ते दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत.

आणि त्या वर्षी फेब्रुवारीत ते तिथेच पडले. घड उतरवताना पाय घसरला, कंबर आपटली, आणि दोन तास मांडवाखाली एकटे पडून होते. आईचा फोन मला मीटिंगमध्ये आला. स्क्रीनवर 'आई' दिसलं आणि मी मीटिंग अर्ध्यात सोडून बाहेर आलो. इथे बसून मी काय करणार होतो? फोनवर फोन केले. फ्रॅक्चर नव्हतं, महिनाभरात ते चालायला लागले, पण माझं एक बिनसलं ते बिनसलंच. नंतर कधीही भारतातून फोन आला की उचलायच्या आधीच वाईट बातमी डोक्यात तयार असायची. मला आई-आबा पुण्याला हवे होते. आमच्या फ्लॅटमध्ये, जिथे लिफ्ट आहे, शेजारी डॉक्टर आहे. मी, गौरी, आई, तिघंही तेच म्हणत होतो. आबा म्हणायचे, बाग आहे तोवर मी हलत नाही. म्हणजे प्रश्न एकच होता: बाग ठेवायची की काढायची. काढली तर नवी लावायचं त्यांचं वय नव्हतं. काढली की पुणे.

अल्सासला जायच्या आदल्या दिवशी बाल्कनीत चहा पिताना ते आपणहून म्हणाले, "तिकडं एखादा जुना बागायतदार गाठून दे मला. एकच इचारायचंय. त्यो म्हणाला काढ, तर काढतो. पिढ्यान्‌पिढ्या ह्येच करत्यात ती माणसं. आपल्यातल्या कुणाचं ऐकून न्हाई काढणार."

माझं त्यांनी ऐकलं नव्हतं. आईचं नाही, कृषी अधिकाऱ्याचं नाही. न पाहिलेल्या एका फ्रेंच माणसाचं ऐकायला तयार होते. मला हसू आलं, थोडा रागही आला. तेव्हा माझ्या मनात काही होतं का? या प्रश्नाचं खरं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. रात्री झोप नीट लागली, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी आईनं पहाटे उठून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली. फ्रान्समध्ये खायला काय मिळणार, असा तिचा सवाल होता. सीमा कधी ओलांडली ते मोबाईलवर मेसेज आला तेव्हा कळलं. पहिली बाग दिसली आणि आबांनी गाडी थांबवायला लावली. मांडव नाही म्हणून आधी ते चक्रावलेच. नुसत्या तारांवर ओळीनं उभ्या वेली. "आँ? सावली कशी धरायची मग घडांनी?" मग पानावर निळसर डाग दिसला आणि त्यांनी टाळीच वाजवली. "बोर्डो मारलाय! बघ, मोरचूद-चुना! आपलंच औषध!" मी त्यांना सांगितलं की ते औषध मूळचं फ्रान्सचंच आहे, नावही इथल्याच एका शहराचं आहे. त्यावर ते वाकून पुन्हा ते पान बघायला लागले. चाळीस वर्षं ज्या नावाचं औषध फवारलं, ते गावाचं नाव निघालं. किती आनंद झाला होता त्यांना! तो आनंद आठवला की मला आजही बसवत नाही.

दुपारी एका गावात तो भेटला. सत्तरीपुढचा, लालबुंद चेहऱ्याचा, बागेच्या कडेला एकटाच शेंडे खुडत होता. तिकडच्या जुन्या लोकांना जर्मन येतं, त्यालाही येत होतं. जरा वेगळ्या हेलाचं, पण मला नीट कळत होतं. आई आणि गौरी फुलांच्या खिडक्या बघत गावात पुढे गेल्या होत्या. बागेत आम्ही चौघं — तो म्हातारा, आबा, मी आणि आमची इरा.

इरा माझी मुलगी. इथेच जन्मलेली. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते. इथल्या आमच्या बहुतेक घरांत हेच चालतं. आबा तिच्याशी तासन्‌तास मराठीत बोलायचे, ती जर्मनमध्ये उत्तरं द्यायची, आणि मध्ये मी किंवा गौरी असायचो. आम्ही दुभाषे. सवयीचं झालं होतं. घरात कुणी काय म्हटलं हे आबांना आमच्याकडूनच कळायचं, आणि ते त्यांना शंभर टक्के खरं वाटायचं.

दोघा म्हाताऱ्यांचं आधी माझ्यावाचूनच जमलं. आबांनी डागाकडे बोट करून "बोर्डो" म्हटलं, तो "आ, बोर्दो!" करून हसला. दोघांनी मिळून एका वेलीचं खोड चाचपलं, ओलांडा, म्हणजे खोडाची आडवी फांदी, कसा धरलाय ते बोटांनी दाखवलं. मग आबांनी खिशातून पुडी काढली. विहिरीकडच्या बागेतला बेदाणा. मुद्दाम आणला होता, कुणी बागायतदार भेटला तर द्यायला. त्यानं चार मणी तोंडात टाकले, डोळे मिटून चावले, आणि मला विचारलं, वेली किती वर्षांच्या? मी सांगितलं, अडतीस. त्यानं मान डोलावली.

मग आबा म्हणाले, "आता इचार." आणि खिशातून ती छोटी वही काढली. फवारण्यांच्या तारखा लिहायची वही, पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली.

मी विचारलं. प्रश्न मी अगदी बरोबर विचारला, हे सांगतो. जुनी बाग आहे, फळ कमी झालंय, वडिलांचं वय झालंय, ठेवावी की काढावी?

त्यानं आधी आश्चर्यानं पाहिलं. मग हातातली कात्री खिशात ठेवली आणि शेजारच्या खोडावर तळवा ठेवून बोलला. सावकाश बोलला, म्हणजे मला नीट सांगता यावं. ही माझ्या वडिलांनी लावली, मी शाळेतही जात नव्हतो तेव्हा. कमी देते, हो. पण हिची मुळं खोल आहेत. दुष्काळाच्या वर्षी नव्या वेली वाळल्या, या उभ्या राहिल्या. तुझ्या वडिलांना सांग, जोवर वेल फळ देते आणि आपल्याला तिच्यापुढे वाकता येतं, तोवर ठेवायची.

हे वाक्य मराठीत मी आज पहिल्यांदा लिहितोय.

तेव्हा मी काय म्हणालो? मी म्हणालो, "आबा, तो म्हणतोय, जुनी बाग ठेवू नये. काढलेली बरी."

तोंडातून गेलं. एवढंच असतं तर कदाचित स्वतःला काही समजावता आलं असतं — घाबरलो होतो, फेब्रुवारीचा तो फोन डोक्यात होता, बोलण्याच्या ओघात निसटलं. पण आबा म्हणाले, "थांब, हळू सांग. लिवून घेतो." त्यांनी गुडघा वर करून त्यावर वही टेकवली. पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. आणि मला वेळ मिळाला. शब्द निवडायला मिळेल एवढा वेळ. मी मजकूर सांगावा तसं एकेक शब्द सुटा करून सांगितलं — जुनी. बाग. ठेवू. नये. वेळेत. काढावी. आणि वर स्वतःचं घातलं: माणसानंही वेळेत थांबावं. हे तर कुणीच म्हणालं नव्हतं. ही माझी भर. त्यांनी तेही लिहिलं आणि पानाच्या कोपऱ्यात 'फ्रान्स' असं लिहून खाली रेघ मारली.

तेव्हा इरा बोलली. "पापा, दास हाट एर गार निश्ट गेझाग्ट." तो असं म्हणालाच नाही. तिनं दोन्ही ऐकलं होतं, त्याचं जर्मन आणि माझं मराठी. आम्हा चौघांत दोन्ही बाजू कळणारे दोघंच होतो, मी आणि ती. आणि तिला खरं बोलता येत होतं ते फक्त त्या भाषेत, जी तिच्या आजोबांना येत नव्हती.

मी तिला म्हणालो, "श्पेटर, इरा." नंतर बोलू. ते नंतर कधी आलं नाही.

"काय म्हणतीया पोरगी?" आबांनी विचारलं.

मी म्हणालो, भूक लागलीय म्हणते.

बघा, किती सहज आलं. आबांनी लगेच वही खिशात घातली, पुडी पुन्हा काढली आणि तिची ओंजळ बेदाण्यानं भरली. "खा गं बाय, आपल्या बागंतला हाय." तिनं मूठ मिटली. एकही मणी तोंडात टाकला नाही. माझ्याकडे बघत राहिली — रागानं नव्हे, तिला बहुधा वाटत होतं की मी आता सांगेन. मोठी माणसं चुकली तर सुधारतात, असं आम्हीच तिला शिकवलं होतं. तो म्हातारा आम्हा सगळ्यांकडे बघून हसत होता. त्याला वाटलं, त्याचा निरोप पोचला. निघताना त्यानं आबांचा हात दोन्ही हातांत धरला, आबांनी डोक्याची टोपी नीट केली आणि त्याला वाकून नमस्कार केला. कशाबद्दल नमस्कार केला त्यांनी? जे तो बोललाच नव्हता, त्याबद्दल.

परतीच्या वाटेवर आबांनी एकदाही गाडी थांबवायला लावली नाही. आईनं विचारलं, "अहो, बरं वाटत नाही का?" ते म्हणाले, "बरं हाय. इचार ठरला." आरशात मला त्यांची टोपी दिसत होती. सीमेवरचं स्ट्रासबर्ग येईपर्यंत मी सांगू शकलो असतो. घरी पोचेपर्यंत सांगू शकलो असतो. त्यानंतर ते आमच्याकडे पाच आठवडे होते, रोज सकाळी चहा आम्ही एकत्र प्यायचो. तेवढ्या चहांत एकदाही माझं तोंड उघडलं नाही. उलट मला हलकं वाटत होतं, सुटल्यासारखं. हेही सांगायला हवं, नाहीतर हा कबुलीजबाब कसला? पुढच्या आठवड्यात गाडी साफ करताना मागच्या सीटच्या फटीत बेदाणे सापडले. मी ते व्हॅक्यूम क्लीनरनं ओढून घेतले.

गावी परतल्यावर ऑक्टोबर छाटणीच्या आधी त्यांनी बाग काढली. जेसीबी आला. आई सांगते, ते दिवसभर विहिरीच्या कठड्यावर बसून होते, जेवायला उठले नाहीत. ज्यांनी आजवर चेष्टा केली होती तेच बघायला जमले, आणि त्यांतला एकजण म्हणाला म्हणे, आबा, राहू द्यायची होती की हो, गावात एवढी एकच होती. तर आबांनी त्याला वही दाखवली. "फ्रान्सच्या माणसानं सांगितलंय. पिढीजात बागायतदार हाय. त्यो कशाला खोटं बोलंल?"

दिवाळीला ते पुण्यात आले. लिफ्ट होती. शेजारी डॉक्टर होता. माझी फोनची भीती गेली, आणि व्हिडिओ कॉलवर मला रोज एकच दृश्य दिसू लागलं: खुर्ची, टीव्ही, आबा. निळे बूट दाराशी तसेच पडून. कॉलवर त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "इरा कुठं हाय?" इरा नेहमी अभ्यासात असायची. बोलावलं तरी यायची नाही. गौरी तिला रागवायची, आजोबा किती प्रेमानं विचारतात गं, दोन शब्द बोललीस तर काय झिजशील? मी कधी रागावलो नाही. मी खोलीबाहेर जायचो.

दीड वर्षात ते गेले. हृदयविकार. डॉक्टर म्हणाले, आधीपासूनच असणार, आणि तेच खरं असेल. वाइनच्या द्राक्षांचा हिशोब वेगळा, बेदाण्याच्या द्राक्षांचा वेगळा, अल्सासचा नियम तासगावला लागू नाही, हेही खरं. हे मी स्वतःला खूपदा ऐकवून पाहिलंय. पण हा फरक माझ्यापेक्षा आबांना कितीतरी जास्त कळत होता. तो माणूस खरं काय म्हणाला हे ऐकून, बाग ठेवायची की काढायची ते त्यांनी ठरवलं असतं. कदाचित काढलीही असती! ते त्यांचं काढणं झालं असतं. मी त्यांच्या हातून त्यांचा प्रश्नच काढून घेतला, आणि त्यांनी मला धन्यवाद दिले. खरंच दिले. जाण्याच्या आदल्या महिन्यात कॉलवर म्हणाले, "तू गाठ घालून दिलीस म्हणून ठरलं बघ. न्हाईतर माझ्याच्यानं झालं नसतं."

ती वही आता माझ्याकडे आहे. आईनं दिली, तुझ्या सहलीची आठवण म्हणून. अक्षर सुवाच्य आहे.

गेल्या सप्टेंबरात इराच्या शाळेची सहल स्ट्रासबर्गला होती. ती आता चौदाची आहे. तिला तिथून आणायला मी एकटाच गेलो, आणि परत येताना मी गाडी डोंगराकडे, त्या म्हाताऱ्याच्या गावाकडे वळवली. का? माहीत नाही. तोडणी चालू होती. तो होता, काठी आली होती हातात, पण होता. त्याला टोपी आठवली, बेदाणे आठवले. त्यानं आबांची चौकशी केली, मी सांगितलं, वारले. त्यानं आपली टोपी काढली. मग म्हणाला, पण बाग? वडिलांची बाग आहे ना अजून?

इरा माझ्या शेजारी उभी होती. आता तिला त्याच्याशी शाळेत शिकलेल्या फ्रेंचमध्येही बोलता आलं असतं. मध्ये कुणी दुभाषा लागला नसता.

मी जर्मनमध्ये म्हणालो, "हो. आहे."

मी तिच्याकडे पाहिलं. चार वर्षांपूर्वी ती म्हणाली होती, पापा, तो असं म्हणालाच नाही. या वेळी ती काहीच म्हणाली नाही. त्या म्हाताऱ्याकडे बघून हसली, माझ्यासारखंच, आणि गाडीत जाऊन बसली.